ब्रेस्ट कॅन्सरनंतरचा थकवा आणि व्यायाम: शेवटच्या रेडिएशनपासून पुन्हा शाळेत रुजू होईपर्यंत

कॅन्सरच्या उपचारांची फाइल चांगली जाडजूड होते. केमोचे डोस, ऑपरेशनचा कागद, बायोप्सीचे रिपोर्ट, रेडिएशनच्या तारखा, सगळं तिच्यात असतं. शेवटच्या पानावर मात्र बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: गोळी चालू ठेवा, तीन महिन्यांनी दाखवा. त्या तीन महिन्यांत अंगात त्राण का नसतं आणि त्यावर करायचं काय, हे त्या पानावर नसतं. माझी केमो जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली, रेडिएशन सप्टेंबरअखेर संपलं, आणि जून २०२४ मध्ये मी जिल्हा परिषदेच्या शाळेत परत रुजू झाले. मधल्या काळात थकव्यासाठी जे करावं लागलं ते क्रमाने लिहिते. खर्चाचे आकडे त्या वेळचे, नाशिकचे आहेत.

हाडांत आजार पसरलेला असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा हाताला सूज असेल, तर खालचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. क्रम मात्र सगळ्यांसाठी तोच आहे: आधी थकव्याची कारणं तपासायची, मग परवानगी, मग मोजमाप, आणि त्यानंतर व्यायाम.

जानेवारी ते सप्टेंबर: थकवा कसा साचत जातो

केमोच्या पहिल्या चार सायकली (फेऱ्या) ॲड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड या औषधांच्या, दर तीन आठवड्यांनी. उलट्या होऊ नयेत म्हणून सोबत डेक्सामेथासोन देतात. ते स्टेरॉइड असल्यामुळे पहिले एक-दोन दिवस उलट तरतरी येते. कपाटं आवरायला काढावीत इतकी. ती काढायची नाहीत, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टेरॉइड उतरतं आणि अंग गळून जातं. पुढच्या सायकलच्या आधीचे आठ दिवस त्यातल्या त्यात बरे जातात. कॅलेंडरवर हे वाईट आणि बरे दिवस खुणा करून ठेवले की पुढच्या सायकलचा अंदाज येतो, आणि भेटायला येणाऱ्यांना कुठला दिवस द्यायचा तेही ठरवता येतं.

मार्चअखेरपासून पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध, दर आठवड्याला एक, असे बारा डोस. यात एकदम कोसळायला होत नाही, पण थकवा थोडा थोडा चढत जातो. शिवाय तळव्यांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. पुढे चालण्याच्या व्यायामात याचा थेट संबंध येतो: पाय नीट कळत नसेल तर अंगठ्याची चप्पल निसटते आणि तोल जातो. तेव्हाच टाच बंद असलेले, लेसचे किंवा पट्टीचे बूट घेऊन ठेवावेत. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा वगैरे नाही ना ते बघायचं, कारण बधिर पायाला तो टोचत नाही.

केमो चालू असताना व्यायाम बंदच ठेवायचा, हा समज जुना आहे. घरातल्या घरात किंवा गच्चीवर सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं संथ चालणं बहुतेकींना जमतं. पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा गर्दीची बाग टाळायची. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर चालणं सोडाच, तडक हॉस्पिटलला फोन करायचा. छातीत दुखणं, चक्कर, बसल्या जागी नाडी शंभरच्या वर, नेहमीपेक्षा जास्त धाप, यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. हिमोग्लोबिन ८ च्या खाली किंवा प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करायचं नाही, वजन उचलणं तर नाहीच.

जुलैत ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठींसकट. ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत, लागोपाठ दोन दिवस ३० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी येऊ लागलं की साधारणपणे नळी काढतात. तोवर मूठ उघड-मीट करणं, कोपर वाकवणं आणि खांद्याच्या उंचीपर्यंतच हात नेणं, एवढंच. नळी निघाल्यावर भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. भिंतीवर पेन्सिलने तारखेसह खूण करायची आणि दर दोन दिवसांनी नवी खूण जुनीच्या वर गेली का ते पाहायचं. हा व्यायाम टाळणाऱ्यांची अडचण रेडिएशनच्या प्लॅनिंगला उघड होते. त्या सीटी स्कॅनला हात डोक्यावर नेऊन बराच वेळ स्थिर झोपावं लागतं. खांदा वर जात नसेल तर तारीख पुढे ढकलावी लागते. काखेतून कोपराकडे दोरी ताणल्यासारखी शीर लागत असेल तर ते कॉर्डिंग. घाबरण्याचं कारण नाही, पण स्वतःच जोर लावून ताणू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, पंधरा दिवस. मशीनवर काही मिनिटंच जातात. दमवतो तो प्रवास आणि बाकावरची वाट पाहणी. थकवा दुसऱ्या आठवड्यापासून वाढतो आणि संपताना किंवा संपल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. म्हणून नातेवाईक पेढे वाटत असतात आणि आपल्याला नेमकं तेव्हाच उठवत नाही. ऑक्टोबरात लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅमची रोजची गोळी (शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी) सुरू झाली, आणि सकाळी उठल्यावर बोटं नि गुडघे आखडण्याची भर पडली.

नोव्हेंबर: ओपीडीत काय आणि कसं सांगायचं

रेडिएशनचा थकवा बहुतेकींचा काही आठवड्यांत ओसरतो. नाही ओसरला तर तो वेगळा घ्यावा लागतो. साधा दमलेला माणूस झोपला की ताजा होतो. इथे आठ तास झोपूनही सकाळी अंग शिशासारखं जड असतं. आंघोळ केली की कपडे घालण्याआधी पलंगाच्या कडेला बसावं लागतं. केलेलं काम आणि आलेला थकवा यांचा मेळ बसत नाही. डोकंही दमतं: वाक्याच्या मध्येच नाव आठवत नाही, दुधाचा हिशेब दोनदा करावा लागतो.

ओपीडीत "थकवा वाटतो" असं म्हटलं तर "होतोच, आराम करा" हेच उत्तर मिळतं. डॉक्टरांसमोर साठ पेशंट असतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आकडा सांगितला की ऐकणं बदलतं. ० म्हणजे थकवा नाही आणि १० म्हणजे कल्पना करता येईल तेवढा जास्त; रोज ठरलेल्या तीन वेळी हा आकडा वहीत लिहायचा, आठवडाभर. १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० तीव्र, अशी वाटणी जगभर वापरतात, आणि ४ किंवा जास्त असेल तर कारणं शोधायची असतात. आकड्यासोबत अडलेलं एक काम सांगायचं: "मॅडम, थकवा दहापैकी सहा आहे. एक मजला चढला की मध्ये थांबावं लागतं. महिना झाला, कमी होत नाही." यावर लगेच तपासण्यांचा कागद मिळाला.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या. थायरॉइड बघायचं खास कारण असं की गळ्याच्या हाडाजवळच्या गाठींना रेडिएशन दिलं असेल तर थायरॉइडही त्या पट्ट्यात येऊ शकतं, आणि ते मंदावलं की थकवा येतोच. बाहेरच्या लॅबमध्ये सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेले. सुट्या तपासण्यांपेक्षा प्रोफाइल स्वस्त पडतं का ते काउंटरवर विचारा. फक्त प्रोफाइलमध्ये फेरिटिन आहे ना ते बघा, ते हमखास गळतं. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर नंतरच्या तपासण्यांतलं काय योजनेत बसतं, हे आरोग्यमित्रांना (हॉस्पिटलातले योजनेचे मदतनीस) डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्यावं.

हिमोग्लोबिन १०.१ निघालं, फेरिटिन आणि बी१२ कमी, थायरॉइड ठीक. लोहाच्या गोळ्या आणि बी१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. इंजेक्शन ऑपरेशन न झालेल्या बाजूला घ्यायचं, हे दर वेळी नर्सला आपणच सांगायचं. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर चहा ते लोह शोषू देत नाही. तासाभराचं अंतर ठेवायचं आणि वर लिंबूपाणी किंवा आवळा घ्यायचा. सगळं नीट झालं तरी हिमोग्लोबिन एका अंकाने वाढायला तीन-चार आठवडे लागतात. "गोळ्या घेऊन आठ दिवस झाले, काही फरक नाही" म्हणून त्या सोडू नयेत.

याच भेटीत झोप, दुखणं आणि मनाची अवस्था यांबद्दल आपणहून बोलावं. रात्री चार वेळा अंगातून वाफा निघून जाग येत असेल तर दिवसाचा थकवा लोहाने जाणार नाही. उदास वाटणं आणि थकवा एकमेकांत इतके मिसळलेले असतात की वेगळे करायला तिसरं माणूस लागतं. सोसायटीत कुणीतरी अश्वगंधाची डबी देतंच. डॉक्टरांना न दाखवता घेऊ नका: ती थायरॉइडच्या पातळीवर परिणाम करू शकते, आणि काहींना तिच्यामुळे लिव्हरचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

डिसेंबर: परवानगी, तारीख, मोजमाप

ॲड्रियामायसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून व्यायाम वाढवण्याआधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला. दोन हजार रुपये. ट्रॅस्टुझुमॅब (काही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये देतात ते इंजेक्शन) चालू असेल तर इको तसाही दर तीन महिन्यांनी होतो. ताजा रिपोर्ट असेल तर पुन्हा पैसे घालवू नका. मग ऑन्कॉलॉजिस्टकडून, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांकडून, एका ओळीची चिठ्ठी घेतली: "मध्यम तीव्रतेचा चालण्याचा आणि ताकदीचा व्यायाम करण्यास हरकत नाही." ही चिठ्ठी मागितल्याशिवाय मिळत नाही आणि तिच्याशिवाय फिजिओथेरपीवाले खांद्याच्या पुढे जायला कचरतात.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत झाले आहेत. तिथे फिजिओथेरपी मिळते, पण तारखेसाठी थांबावं लागतं आणि कॅन्सरनंतरच्या व्यायामाची सवय असलेलं माणूस भेटेलच असं नाही. ट्रस्टच्या हॉस्पिटलात एका बैठकीचे ३५० रुपये होते, पहिली तारीख तीन आठवड्यांनंतरची. घरी येणारे ७००-८०० घेतात. रोज जायची गरज नसते. पहिल्या दोन आठवड्यांत तंत्र शिकण्यासाठी काही बैठका आणि पुढे पंधरा दिवसांतून एक, इतकं पुरतं. पहिल्या बैठकीलाच "मला घरी करायचा लेखी कार्यक्रम हवा आहे" हे सांगून टाका.

पहिला दिवस मोजमापांचा. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी ३० मीटरच्या सरळ कॉरिडॉरमध्ये घेतात: आपल्या चालीने जायचं-यायचं, दम लागला तर थांबायचं, घड्याळ चालूच राहतं. माझे ३४० मीटर झाले. मग ३० सेकंदांत हात छातीवर बांधून खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते. ही दुसरी चाचणी घरीही करता येते. खुर्ची मात्र भिंतीला टेकवलेली हवी, प्लास्टिकची नको, ती सरकते.

दोन्ही हातांचे घेर टेपने मोजले: मनगट, कोपराच्या घडीच्या १० सेंटिमीटर खाली आणि १० सेंटिमीटर वर. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचे, कारण सूज ओळखायची ती या आकड्यांवरून. पुढे दर रविवारी सकाळी त्याच जागी, टेप न आवळता मोजायचं. कुठल्याही जागी फरक २ सेंटिमीटरपर्यंत गेला, बांगडी घट्ट झाली किंवा हात जड वाटू लागला तर वाट न पाहता दाखवायचं. दाबाची बाही डॉक्टरांनी मापाने सांगितली तरच घ्यावी. दीड ते चार हजारांना मिळते, आणि चुकीच्या मापाची बाही हाताच्या पंजात सूज ढकलते.

बारा आठवडे

इथे थोडं शास्त्र. २०१९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने अनेक देशांतल्या तज्ज्ञांच्या बैठकीनंतर कॅन्सरच्या रुग्णांसाठी शिफारसी प्रसिद्ध केल्या. थकव्यासाठी त्यांनी सांगितलेला डोस असा: आठवड्यातून तीन दिवस ३० मिनिटं मध्यम गतीचा एरोबिक व्यायाम, सोबत आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, प्रत्येक प्रकाराचे दोन सेट, १२ ते १५ वेळा, आणि हे निदान बारा आठवडे. २०१७ मध्ये ११३ चाचण्या एकत्र करून झालेल्या अभ्यासात कॅन्सरच्या थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार हे औषधांपेक्षा जास्त उपयोगी ठरले. म्हणजे टॉनिकच्या बाटलीपेक्षा बुटांवर पैसे घालवलेले बरे.

पण ३० मिनिटं हा शेवटचा मुक्काम आहे, सुरुवात नव्हे. व्हॉट्सॲपवर आलेला "रोज १० हजार पावलं" हा आकडा तर या टप्प्यावर विसरूनच जायचा.

पहिले दोन आठवडे: आठवड्यातून पाच दिवस, ५ मिनिटं सकाळी आणि ५ मिनिटं संध्याकाळी चालणं, सपाट रस्त्यावर. सोबत खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस. इतकं कमी पाहून हसू येतं. तरी वाढवायचं नाही. तिसरा-चौथा आठवडा: एका वेळी १५ मिनिटं, आणि पिवळ्या रबरी पट्टीने ताकदीचे व्यायाम, एक सेट, ८ ते १० वेळा. पाचवा ते आठवा: २० ते २५ मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, पट्टीचे दोन सेट. नववा ते बारावा: ३० मिनिटं, तीन-चार दिवस, दोन सेट १२ ते १५ वेळा, जमेल तिथे लाल, म्हणजे पिवळीपेक्षा जास्त ताणाची पट्टी. ताकदीच्या दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा.

गती ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. गाणं म्हणता येत असेल तर जरा वेग वाढवा, दोन शब्दांत धाप लागत असेल तर कमी करा. नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, कारण केमोनंतर ती आधीच वाढलेली असू शकते आणि बीपीच्या काही गोळ्यांनी दाबलेलीही असू शकते.

ताकदीचे सहाच प्रकार होते: खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात लावून पुशअप, पट्टी मागे ओढणं, कोपर वाकवून वजन उचलणं, उताणं झोपून कंबर उचलणं, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं. वजन म्हणून पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली, म्हणजे अर्धा किलो. नंतर लिटरची. उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. श्वास कोंडून उचललं की डोकं जड होतं. लेट्रोझोलमुळे हाडं विरळ होऊ शकतात, म्हणून डेक्सा स्कॅनचा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) रिपोर्ट येईपर्यंत पुढे वाकून वजन उचलणं आणि पोटाचे झटक्याचे व्यायाम टाळले.

पट्टीबद्दल दोन गोष्टी. ती दाराच्या कडीला बांधू नका. एकाच झटक्यात सुटून तोंडावर येते. पट्टीच्या टोकाला जाड गाठ मारायची, गाठ दाराच्या पलीकडे ठेवून बिजागरीच्या बाजूच्या फटीत पट्टी अडकवायची आणि दार असं लावायचं की आपण ओढल्यावर ते आणखी घट्ट बसेल, उघडणार नाही. आणि घामाने ती चिकटते, म्हणून वापरून झाल्यावर कोरडी पुसून थोडी टाल्कम पावडर लावून ठेवायची. काठाला बारीक चीर दिसली की टाकून द्यायची. दीड मीटरची पट्टी अडीचशे-तीनशेला मिळते.

ऑपरेशन झालेल्या हाताने वजन उचलायचंच नाही, असं अजून सर्रास सांगतात. २००९ मध्ये अमेरिकेत आधीच हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर चाचणी झाली होती. हळूहळू वाढवत, देखरेखीखाली वजन उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही; उलट सूज भडकण्याचे प्रसंग कमी झाले. "हळूहळू" आणि "देखरेखीखाली" हे त्यातले महत्त्वाचे शब्द. वापरच न केलेला हात अशक्त राहतो, आणि मग एक दिवस गॅसचा सिलिंडर सरकवताना त्याच्यावर एकदम ताण येतो.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते बऱ्या दिवशी. एक दिवस अंग हलकं वाटतं आणि राहिलेली सगळी कामं एका दमात काढली जातात: चादरी धुणं, बाजार, वर आणखी चालणं. पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात. त्यातून "व्यायामाने थकवा वाढतो" हा निष्कर्ष निघतो आणि सगळंच बंद पडतं. त्यावरचा नियम: एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, आधी मिनिटं, मग वेग, मग वजन. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा नेहमीपेक्षा दोनने वर गेला आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहिला तर आठवडाभर मागच्या पायरीवर यायचं.

वाईट दिवसाचा नियम याच्या उलट. त्या दिवशी व्यायाम निम्मा करायचा, शून्य नाही. बूट घालायचे, पाच मिनिटं चालायचं, वाटलं तर परत फिरायचं. फिजिओथेरपिस्ट मॅडम दर वेळी आधी विचारायच्या, "ताई, आज दहापैकी किती?" आणि सात ऐकलं तरी घरी पाठवायच्या नाहीत, खुर्चीवर बसून पाय सरळ करायला लावायच्या. ताप आणि वर सांगितलेली लक्षणं असतील तेव्हाच पूर्ण सुटी.

"घरात दिवसभर उभीच असते की, वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न घरोघरी येतो. घरकाम तुकड्या-तुकड्यांचं असतं. त्याने दम लागतो, पण नाडी सलग पंधरा-वीस मिनिटं वर राहत नाही आणि मांड्यांवर पुरेसा भार येत नाही. शिवाय त्यात आपल्या हातात थांबणं नसतं. व्यायामाच्या दिवशी एक जड काम दुसऱ्या कुणाकडे द्यायचं हे आधी ठरवून घ्यावं: पाणी भरणं, कणीक मळणं, उंच दोरीवर ओले कपडे टाकणं. संक्रांतीच्या हळदीकुंकवांचा आठवडा आला तर एका दिवशी एकच घर. उभ्याने गप्पा मारणं चालण्यापेक्षा जास्त दमवतं.

दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीनच्या आत, गजर लावून. दोन तास झोपलं की रात्रीची झोप बिघडते आणि सगळं चक्र उलटं फिरतं. सांधे आखडत असतील तर व्यायाम पहाटे न करता उठल्यावर तासाभराने, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर. पहिली काही मिनिटं सांधे कुरकुरतात आणि मग मोकळे होतात. दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगायचं, पर्याय असतात.

आणि जेवण. स्नायू बांधायचे तर प्रथिनं हवीत: दर किलो वजनामागे दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास दीडपर्यंत, किडनी ठीक असेल तर. ६० किलोच्या बाईला म्हणजे ६० ते ९० ग्रॅम. वरण-भात-पोळीत ते भरत नाही. दोन अंडी, वाटीभर मोडाची उसळ, दही, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, खात असाल तर मासे, असं दिवसभरात वाटून घ्यावं लागतं.

मार्च ते जून: पुन्हा मोजमाप, आणि शाळा

मार्चच्या सुरुवातीला पुन्हा तीच चाचणी: ४२५ मीटर. हिमोग्लोबिन ११.९. थकव्याचा आकडा बहुतेक दिवस ३, कधी ४. सहाव्या आठवड्यापर्यंत वहीत काहीच बदल दिसत नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण नेमकं तिथेच सोडून द्यावंसं वाटतं. व्यायामाचं श्रेय किती आणि लोहाचं किती हे वेगळं काढता येत नाही, काढायची गरजही नाही.

एप्रिल-मेमध्ये चालणं सकाळी साडेसहाच्या आत उरकायचं, नाहीतर घरातच. अंगातून वाफा निघत असतील तर उन्हाळा दुप्पट लागतो. सुती ओढणी ओली करून मानेवर ठेवली की बरं वाटतं.

रजेचं कागदी काम जानेवारीतच हातात घेतलं असतं तरी चाललं असतं इतकं ते लांबतं. वैद्यकीय कारणाची परिवर्तित (पूर्ण पगाराची) रजा घेतली की अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात, म्हणून सेवापुस्तकातली शिल्लक आधी बघून घ्यावी. रुजू होताना डॉक्टरांचं योग्यता प्रमाणपत्र लागतं. "कामास योग्य" एवढ्यावर न थांबता डॉक्टरांना आणखी दोन ओळी लिहायला सांगा: तळमजल्यावरचा वर्ग मिळावा, जड सामान उचलण्याचं काम देऊ नये. तोंडी विनंती मुख्याध्यापक बदलले की विरते, कागद फाइलला राहतो. अर्ध्या दिवसाने सुरुवात करण्याची सोय आमच्याकडे नाही. त्याऐवजी वेळापत्रकात लागोपाठ तीन तास येणार नाहीत एवढं मागून घेतलं, आणि वर्गात एक उंच स्टूल ठेवलं.

उपचारांचा खर्च परत मिळण्यासाठीचे देयकाचे कागद जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पडताळणीला गेले. उपचारांची बिलं मान्य झाली. फिजिओथेरपीच्या पावत्या परत आल्या, कारण त्यांच्यावर ऑन्कॉलॉजिस्टच्या शिफारशीचा उल्लेख नव्हता. डिसेंबरातल्या त्या एका ओळीच्या चिठ्ठीची झेरॉक्स प्रत्येक पावतीला जोडून पुन्हा पाठवल्या आहेत. मूळ चिठ्ठी स्वतःजवळ ठेवा आणि पावतीवर तारीख, बैठकीचा प्रकार नि शिक्का आहे ना, ते काउंटर सोडण्याआधी बघून घ्या.

शाळा सुरू झाल्यावर पहिला महिना चालणं १५ मिनिटांवर आणलं आणि पट्टीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा तसेच ठेवले. नोकरी हाच तेव्हा नवा भार असतो, दोन्ही एकदम वाढवता येत नाहीत. जुलैच्या मध्यापासून पुन्हा ३० मिनिटं. पाऊस असेल त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात, मधल्या सुट्टीत मुलं डबे उघडतात तेव्हा तो रिकामाच असतो.